जुने गेम कन्सोल आणि घरी बनवलेली एव्ही केबल: त्या तारांतून नेमके काय जाते?

नव्वदच्या दशकातले व्हिडिओ गेम पुन्हा खेळावेत असे वाटणारे बरेच जण आहेत. कोणी माळ्यावरचा जुना संच खाली काढतो, कोणी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून सेगा मेगा ड्राइव्ह किंवा सुपर निन्टेंडो मागवून घेतो. यंत्र बहुधा चालू असते. घोडे अडते ते केबलपाशी. मूळ केबल हरवलेली असते, तयार मिळणाऱ्या केबलने चित्र पुसट दिसते किंवा आवाजात घरघर येते, आणि नव्या टीव्हीच्या मागे पिवळी, पांढरी, लाल अशी ओळखीची सॉकेटेच नसतात. अशा वेळी थोडेफार सोल्डरिंग येणारा माणूस केबल स्वतःच बनवायला घेतो. हे काम अवघड नाही. मात्र कोणती तार कुठे जोडायची याचा आराखडा नुसता उतरवून घेऊन भागत नाही. तारांतून काय वाहते हे समजले, तरच आराखड्यातल्या रेझिस्टरचे आणि कपॅसिटरचे प्रयोजन कळते, आणि कोणत्या चुकीने फक्त चित्र जाते व कोणत्या चुकीने यंत्र जाते, हेही कळते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. केबल चित्र सुधारत नाही. कन्सोलच्या सॉकेटातून जे बाहेर पडते, त्याची कमीत कमी नासाडी करून ते टीव्हीपर्यंत नेणे एवढेच तिचे काम असते. त्यामुळे चांगली केबल बनवण्याची खरी सुरुवात सोल्डरिंगपासून नव्हे, तर कन्सोलच्या मागच्या सॉकेटात कोणकोणते सिग्नल उपलब्ध आहेत हे शोधण्यापासून होते.

## टीव्हीला चित्र म्हणून काय पाठवावे लागते

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. ते डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली अशा ओळीओळींनी रेखले जाते. भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या ६२५ ओळी असतात, तर अमेरिका आणि जपानमधल्या एनटीएससी पद्धतीत ५२५. प्रत्येक ओळीत प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा रंग किती हवा हे सांगावे लागते. शिवाय ओळ कुठे संपली आणि पान कुठे संपले हेही टीव्हीला कळवावे लागते. या खुणेच्या सिग्नलला ‘सिंक’ म्हणतात. सिंक पोहोचला नाही तर रंग कितीही शुद्ध असोत, चित्र तिरपे होऊन पळत राहते.

म्हणजे मुळात चार गोष्टी पाठवायच्या असतात: तीन रंग आणि सिंक. आवाज वेगळा. या चार गोष्टी चार तारांनी पाठवल्या तर त्यांची सरमिसळ होण्याचा प्रश्नच येत नाही. मग पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून सगळे पाठवण्याची पद्धत का पडली?

## पिवळ्या पिनेतली सरमिसळ

याचे उत्तर दूरचित्रवाणीच्या इतिहासात आहे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत मंजूर झाली, तेव्हा लोकांच्या घरी कृष्णधवल संच होते आणि ते निकामी होऊ द्यायचे नव्हते. म्हणून उजेडाची माहिती पूर्वीसारखीच ठेवून रंगाची माहिती एका ठराविक वारंवारतेच्या लहरीवर बसवून त्याच सिग्नलमध्ये मिसळण्यात आली. एनटीएससीत ही लहर सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झची असते, पालमध्ये सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झची. भारतात १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले तेही याच तत्त्वावर. उजेड, रंग आणि सिंक असे तिन्ही एकत्र केलेल्या या सिग्नलला ‘कंपोझिट’ म्हणतात आणि पिवळी पिन त्याचीच असते.

ज्वारी आणि तांदूळ एकाच पोत्यात मिसळून पाठवावेत आणि पोहोचल्यावर चाळणीने वेगळे करावेत, तसा हा प्रकार आहे. दाण्यांच्या आकारात स्पष्ट फरक असेल तिथे चाळणी आपले काम नीट करते. पण ज्वारीचे मोठे दाणे तांदळात राहतात आणि तांदळाची कणी ज्वारीत उतरते. चित्रातल्या बारीक उभ्या रेघा, अक्षरांच्या कडा, एकाआड एक रंगवलेले ठिपके यांच्या उजेडाची वारंवारता नेमकी रंगाच्या लहरीच्या आसपास पडते. टीव्हीतली चाळणी त्यांना रंग समजते आणि पांढऱ्या अक्षराच्या कडेला इंद्रधनुषी छटा उमटतात. उलट रंगाचा काही भाग उजेड समजला जातो आणि लाल-निळ्याच्या सीमेवर मुंग्यांसारखे ठिपके सरकताना दिसतात. ही नासाडी कन्सोलच्या आत, मिसळण्याच्या क्षणीच ठरून गेलेली असते. कंपोझिटची तार शुद्ध चांदीची घेतली तरी त्यात फरक पडत नाही.

## मिसळ कमी करत जाणारे प्रकार

एस-व्हिडिओत उजेड आणि सिंक एका तारेतून आणि रंग दुसऱ्या तारेतून जातो. पोती दोन झाल्यामुळे चाळणीची गरजच उरत नाही, आणि अक्षरांच्या कडा एकदम स्वच्छ होतात. चार पिनांचे गोल सॉकेट त्याचेच. कॉम्पोनंटमध्ये उजेडाची एक आणि रंगाच्या फरकांच्या दोन अशा तीन तारा असतात. हिरव्या, निळ्या आणि लाल पिना तिथे दिसतात. आरजीबीत तीन रंग आणि सिंक असे चारही वेगळे जातात. युरोपात हे सगळे एकाच २१ पिनांच्या मोठ्या सॉकेटातून नेण्याची सोय होती. स्कार्ट नावाचे हे सॉकेट मूळ फ्रान्सचे. त्यामुळे इंग्लंडमध्ये किंवा फ्रान्समध्ये जुने कन्सोल जोडणाऱ्याला आरजीबी सहज मिळते. भारतात विकलेल्या टीव्हींत स्कार्ट सहसा नव्हतेच. इथे आरजीबीचा उपयोग प्रामुख्याने ओएसएससीसारख्या, जुना सिग्नल नव्या टीव्हीसाठी बदलून देणाऱ्या रूपांतरक यंत्राला किंवा स्टुडिओतल्या जुन्या मॉनिटरला जोडताना होतो.

आरजीबीचा आणखी एक फायदा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. जपानी किंवा अमेरिकी कन्सोल फक्त पाल ओळखणाऱ्या जुन्या टीव्हीला पिवळ्या पिनेने जोडला, तर रंगाची लहर वेगळी असल्यामुळे चित्र कृष्णधवल दिसते. आरजीबीत रंगाची लहरच नसते, त्यामुळे पाल-एनटीएससीचा रंगाबाबतचा वाद तिथे उद्भवत नाही.

## कोणत्या यंत्रातून काय निघते

इथेच बहुतेकांची निराशा किंवा सुखद आश्चर्य ठरते. निन्टेंडोचा १९८३ सालचा फॅमिकॉम आणि त्याची परदेशी आवृत्ती एनईएस यांच्यातली चित्र बनवणारी चिप थेट कंपोझिटच तयार करते. तिच्या आत रंग वेगळे बाहेर काढता येतील अशी जागाच नाही. आपल्याकडे ‘कॅसेट’ घालून खेळले जाणारे, ‘९९९९ इन १’ असे लिहिलेले जे गेम घरोघरी होते, ते या फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि त्यांतून एक पिवळी व एक पांढरी पिन निघते किंवा अँटेनाच्या सॉकेटात घालायची एक वायर निघते. अशा यंत्रासाठी आरजीबी केबल बनवता येत नाही. मात्र अँटेनाच्या वाटेऐवजी पिवळ्या-पांढऱ्या पिनेची वाट वापरली तरी मोठा फरक पडतो, कारण अँटेनाच्या वाटेत चित्र आणि आवाज दोन्ही एका चॅनेलवर चढवून पुन्हा उतरवावे लागतात.

१९८८ सालच्या मेगा ड्राइव्हची गोष्ट वेगळी. त्याच्या पहिल्या मॉडेलच्या मागे आठ पिनांचे गोल सॉकेट आहे, दुसऱ्याच्या मागे नऊ पिनांचे लहान सॉकेट. दोन्हींतून आरजीबी मिळते. पहिल्या मॉडेलच्या मागच्या सॉकेटातून आवाज मात्र मोनोच येतो. स्टीरिओ हवा असेल तर पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या सॉकेटातून वेगळी वायर घ्यावी लागते. म्हणून या यंत्राच्या घरगुती केबलला एका टोकाला दोन पिना दिसतात.

सुपर निन्टेंडोच्या बारा पिनांच्या सॉकेटात जवळजवळ सगळेच आहे. पहिल्या पिनेवर लाल, दुसरीवर हिरवा, चौथीवर निळा, पाचवी आणि सहावी ग्राउंड, सातवी व आठवी एस-व्हिडिओची, नववी कंपोझिटची, दहावीवर ५ व्होल्ट, अकरावी आणि बारावी आवाजाची. ग्राउंड म्हणजे सगळ्या सिग्नलांची सामाईक परतीची वाट. मल्टिमीटरची काळी पिन जिथे लावून बाकी सगळे मोजायचे ती जागा. तिसरी पिन मी मुद्दाम सोडली आहे. जपानी आणि अमेरिकी यंत्रांत तिच्यावर सिंक असतो. युरोपीय यंत्रांत त्याच पिनेवर १२ व्होल्ट असतात.

याचा अर्थ असा, की तिसरी पिन सिंक म्हणून जोडलेली अमेरिकी यंत्राची केबल युरोपीय यंत्राला लावली, तर चित्राच्या जेमतेम एक व्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेल्या प्रवेशावर १२ व्होल्ट जातात. सॉकेट तेच, पिन तशीच, आणि परिणाम टीव्हीला किंवा रूपांतरकाला भोगावा लागतो. घरी केबल बनवणाऱ्याने एकच नियम पाठ करायचा ठरवला, तर तो हा असावा: सॉकेटाचा आकार सारखा असणे म्हणजे पिनांचा अर्थ सारखा असणे नव्हे. जपानी २१ पिनांचे आरजीबी सॉकेट आणि युरोपीय स्कार्ट हे दिसायला हुबेहूब असूनही त्यांतल्या पिनांची मांडणी वेगळी आहे, हे याचे दुसरे उदाहरण.

## ७५ ओहमचा हिशेब

आराखड्यांत ७५ ओहम हा आकडा वारंवार येतो. रेझिस्टर म्हणजे विजेच्या प्रवाहाला विरोध करणारा भाग, आणि ओहम हे त्या विरोधाचे एकक. व्हिडिओच्या दुनियेत एक ठरलेला करार आहे: पाठवणारे यंत्र आपल्या बाजूला ७५ ओहमचा रेझिस्टर ठेवते, घेणारे यंत्र आपल्या बाजूला ७५ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडते. पाठवणारा सुमारे २ व्होल्टचा सिग्नल तयार करतो, दोन समान रेझिस्टरांमध्ये तो निम्मा होतो आणि टीव्हीला १ व्होल्ट मिळतो. पालमध्ये त्यातले ०.७ व्होल्ट उजेडाचे आणि ०.३ व्होल्ट सिंकचे.

हा करार एका बाजूने मोडला की काय होते ते सहज ताडता येते. घेणाऱ्या बाजूचा रेझिस्टर नसेल तर सिग्नल जवळजवळ दुप्पट राहतो आणि चित्र भडक, पांढरे पडलेले दिसते. उलट एकाच कन्सोलची पिवळी वायर ‘वाय’ आकाराच्या जोडणीने दोन टीव्हींना दिली, तर दोन्ही टीव्हींचे रेझिस्टर समांतर येऊन ३७.५ ओहम होतात आणि १ व्होल्टऐवजी सुमारे ०.६७ व्होल्टच पोहोचतो, चित्र काळवंडते.

केबलमधल्या इतर रेझिस्टरांची कारणेही याच हिशेबात आहेत. काही यंत्रांतून सिंक थेट चिपच्या ५ व्होल्टच्या पातळीवर बाहेर येतो, तर टीव्हीला तो व्होल्टाच्या काही दशांशाइतकाच हवा असतो. त्या तारेत ४७० ओहमचा रेझिस्टर घातला की टीव्हीतल्या ७५ ओहमशी मिळून विभागणी होते: ५ गुणिले ७५ भागिले ५४५, म्हणजे सुमारे ०.६९ व्होल्ट. स्कार्टच्या सोळाव्या पिनेवर १ ते ३ व्होल्ट दिले की टीव्ही आरजीबीकडे वळतो. कन्सोलच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून १८० ओहममधून तिथे तार नेली तर सुमारे १.५ व्होल्ट मिळतात. आठव्या पिनेची मात्र गंमत लक्षात ठेवावी. तिला ९.५ ते १२ व्होल्ट मिळाले तर टीव्ही साधे चित्र दाखवतो, पण ४.५ ते ७ व्होल्ट मिळाले तर ते रुंद पडद्याचे चित्र आहे असे समजतो. म्हणून १२ व्होल्ट न देणाऱ्या यंत्रात तिला ५ व्होल्ट जोडण्यापेक्षा ती मोकळी सोडून रिमोटने चॅनेल निवडलेले बरे.

## मग कपॅसिटर कशाला?

काही कन्सोलांच्या आरजीबी तारांवर चित्राच्या बदलत्या सिग्नलबरोबर एक स्थिर व्होल्टेजही असते. ते टीव्हीपर्यंत गेले तर काळ्याची पातळी चुकते. कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतो आणि बदलता सिग्नल जाऊ देतो. मेगा ड्राइव्हच्या आणि जपानी-अमेरिकी सुपर निन्टेंडोच्या आरजीबी केबलमध्ये म्हणूनच प्रत्येक रंगाच्या तारेत २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालतात, त्याची धन बाजू कन्सोलकडे ठेवून.

२२० इतका मोठा का, असा प्रश्न अनेकांना पडतो. कारण चित्रात अतिशय सावकाश बदलणारा भागही असतो. अर्धा पडदा आकाश आणि अर्धा जमीन असेल, तर तो बदल सेकंदाला ५० किंवा ६० वेळाच होतो. दोन्ही बाजूंचे मिळून १५० ओहम धरले तर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ५ हर्ट्झच्या वरचे सगळे जाऊ देतो. हाताशी आहे म्हणून १ मायक्रोफॅरडचा लावला तर ही सीमा हजार हर्ट्झच्या पुढे जाते आणि एकसंध निळ्या आकाशात वरून खाली छटा उतरत गेलेली दिसते.

युरोपीय सुपर निन्टेंडोत मात्र हे कपॅसिटर लागत नाहीत. तिथे प्रत्येक रंगाच्या तारेवरून ७५ ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडकडे जोडावा लागतो. एकाच नावाच्या यंत्राच्या दोन आवृत्त्यांना दोन वेगळ्या केबली लागतात त्या यामुळेच.

## वायर कोणती घ्यावी

सिग्नलची तार मध्ये आणि तिच्याभोवती ग्राउंडची जाळी असलेल्या वायरला को-ॲक्सियल म्हणतात. व्हिडिओसाठी ७५ ओहमची को-ॲक्सियल घ्यावी. आरजी-५९ चालते, आरजी-१७९ फार बारीक आणि लवचीक असल्यामुळे चार-पाच तारा एकाच गोल पिनेत बसवताना तीच सोयीची पडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सीसीटीव्हीसाठीची ‘थ्री प्लस वन’ वायर सहज मिळते. तिच्यात एक को-ॲक्सियल आणि तीन साध्या तारा असतात. कंपोझिटसाठी तिचा को-ॲक्सियल भाग चांगला चालतो, पण साध्या तारांतून आवाज नेऊ नये. त्यांना जाळी नसते. आवाजासाठी जाळीची वेगळी माइक वायर घ्यावी. विकत घेण्यापूर्वी वायरीचे टोक सोलून जाळी पाहावी. ती ॲल्युमिनियमची असेल तर तिच्यावर साधे सोल्डर धरत नाही, आणि स्वस्त केबल टीव्हीच्या वायरीत बहुतेक वेळा तसेच असते. तांब्याची जाळी हवी.

दोन मीटरच्या केबलसाठी ७५ ओहमचा अट्टहास खरोखर आवश्यक आहे का, असे एखादा अभियंता विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. ५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलची लहर अशा वायरीत सुमारे ४० मीटर लांब असते. तिच्या तुलनेत दोन मीटर म्हणजे फारच थोडे, त्यामुळे वायरीचा आकडा ७५ ऐवजी ५० असला तरी चित्रात दुहेरी सावल्या दिसणार नाहीत. टोकांचे रेझिस्टर ७५ ओहमचे असणे आणि प्रत्येक तारेला स्वतःची जाळी असणे या दोन गोष्टी कितीतरी अधिक महत्त्वाच्या आहेत. हलक्या तयार केबलींचा मुख्य दोष हाच असतो, की त्यांच्या आत व्हिडिओ आणि आवाजाच्या तारा जाळीशिवाय शेजारी शेजारी पडलेल्या असतात. पडद्यावर पांढरे दृश्य आले की घरघर वाढते आणि काळे आले की कमी होते, असे होत असेल तर चित्राचा सिग्नल आवाजाच्या तारेत उतरतो आहे असे खुशाल समजावे.

## नव्या टीव्हीचे साडेतीन मिलिमीटरचे सॉकेट

आपल्याकडच्या बऱ्याच एलईडी टीव्हींना तीन वेगळ्या सॉकेटांऐवजी हेडफोनसारखे एकच एव्ही सॉकेट असते. त्यात चार भागांची पिन जाते. अडचण अशी, की त्या चार भागांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा एक नाही. एका प्रचलित क्रमात टोकाकडून डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड आणि शेवटी व्हिडिओ असे येतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचाही क्रम हाच आहे. दुसऱ्या क्रमांत ग्राउंड आणि व्हिडिओच्या जागा बदललेल्या असतात. चुकीची पिन घातली की चित्र येत नाही आणि स्पीकरमधून जोराची गुरगुर येते. लोक टीव्ही बिघडला असे समजतात.

क्रम ओळखण्यासाठी टीव्ही उघडावा लागत नाही. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढावा, तारा न जोडलेली चार भागांची मोकळी पिन सॉकेटात घालावी आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून त्याचे एक टोक एचडीएमआय सॉकेटाच्या धातूच्या कडेला लावावे. पिनेच्या ज्या कडीवर बीप वाजतो ती ग्राउंड. मग मीटर ओहमवर घेऊन ग्राउंड आणि उरलेल्या तीन कड्या मोजाव्यात. बहुतेक टीव्हींत एका कडीवर ७५ ओहमच्या आसपास आकडा येतो, बाकी दोन्हींवर काही हजार ओहम किंवा त्याहून जास्त. ७५ दाखवणारी कडी व्हिडिओची, कारण वर सांगितलेल्या करारातला टीव्हीच्या बाजूचा रेझिस्टर तोच. यानंतर केबल बनवणे म्हणजे कन्सोलच्या तीन-चार तारा योग्य कडीला जोडणे एवढेच उरते.

सोल्डरिंगबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पिनेचे आवरण आणि हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) सोल्डर करण्याआधीच वायरीवर चढवून ठेवावी, नंतर ती चढत नाही. आणि लहान गोल पिनांचे प्लॅस्टिक फार लवकर मऊ होऊन पिना तिरप्या होतात. म्हणून अशी पिन तिच्या जोडीच्या सुट्या सॉकेटात घट्ट बसवून मगच आयर्न टेकवावी. सॉकेट पिना सरळ धरून ठेवते आणि जादा उष्णताही शोषून घेते. कन्सोललाच जोडून मात्र असे करू नये.

## थेट एचडीएमआयची केबल का बनवत नाहीत?

एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी वायर ऑनलाइन विकली जाते. जुन्या कन्सोलसाठी तिचा उपयोग नाही. कन्सोलचा सिग्नल सतत बदलणारे व्होल्टेज आहे, एचडीएमआयमध्ये अंकांचा प्रवाह असतो. मध्ये रूपांतर करणारे सर्किट आणि त्याला वीजपुरवठा असल्याशिवाय एकाचे दुसरे होत नाही.

छोट्या डबीच्या स्वस्त रूपांतरकाने चित्र दिसते, हे खरे. पण जुने कन्सोल ज्या पद्धतीने चित्र पाठवतात ती साध्या टीव्ही प्रक्षेपणापेक्षा थोडी वेगळी आहे. प्रक्षेपणात एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी पाठवून चित्र पूर्ण होते. कन्सोल मात्र दर वेळी त्याच जागी नवे पूर्ण चित्र पाठवतात, जास्तीत जास्त सुमारे २४० ओळींचे. स्वस्त डबी त्याला प्रक्षेपणासारखे समजून दोन चित्रे एकत्र विणते. मार लागल्यावर लुकलुकणारे पात्र मग लुकलुकण्याऐवजी कधी पूर्ण अदृश्य होते, कधी फाटके दिसते. काही नव्या टीव्हींची अंतर्गत सर्किटेही हेच करतात. ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखी यंत्रे हा फरक ओळखतात, म्हणून महाग असूनही लोक ती घेतात. तिथेही आधी केबल चांगली लागतेच, कारण पुसट आलेले चित्र ही यंत्रे पुसटच मोठे करून दाखवतात.

## पण जुने चित्र तसेच नव्हते का?

हा आक्षेप मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. गेम बनवणाऱ्यांनाही घरोघरी कंपोझिट किंवा अँटेनाची वायरच आहे हे माहीत होते, आणि काहींनी त्या पुसटपणाचा उपयोग करून घेतला. १९९१ सालच्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधला धबधबा मेगा ड्राइव्हवर एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी रंगवलेला आहे. कंपोझिटमध्ये त्या पट्ट्या एकमेकींत विरघळतात आणि पाणी पारदर्शक वाटते. आरजीबीत त्या सुट्या सुट्या दिसतात. ज्याला तो धबधबा लहानपणी पाहिल्यासारखाच हवा आहे, त्याने कंपोझिटच वापरावे, आणि ती केबल जाळीच्या वायरीची बनवावी म्हणजे आवाज तरी स्वच्छ राहील. मजकूर जास्त असलेले, नकाशे आणि आकडे वाचावे लागणारे खेळ खेळायचे असतील तर मात्र एस-व्हिडिओ किंवा आरजीबीचे कष्ट पुरेपूर वसूल होतात. माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्या टीव्हीला एस-व्हिडिओ आहे त्याच्यासाठी सुपर निन्टेंडोची एस-व्हिडिओ केबल हे सर्वांत कमी श्रमांत सर्वांत जास्त फळ देणारे काम आहे.

## धोका किती?

केबलीतून जास्तीत जास्त ५ किंवा १२ व्होल्ट जातात, त्यामुळे माणसाला धक्का बसण्याचा प्रश्न नाही. पिक्चर ट्यूबचा टीव्ही उघडणे ही वेगळी आणि खरोखर जिवावर बेतणारी गोष्ट आहे, आणि केबलसाठी तो उघडण्याची गरज कधीच पडत नाही. यंत्राला मात्र धोका आहे. ५ व्होल्टची पिन शेजारच्या ग्राउंडला टेकली तर कन्सोलचा फ्यूज किंवा रेग्युलेटर जाऊ शकतो. ज्या केबलला त्या पिनेचे काम नाही, तिच्यात ती पिन मुळात जोडूच नये. जपानी यंत्राचा ॲडॅप्टर १०० व्होल्टचा आणि अमेरिकी १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातला, तर केबलचा विचार करण्याची वेळच येणार नाही.

कन्सोलला लावण्यापूर्वी केबलची प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासावी: एका टोकाची पिन दुसऱ्या टोकाच्या ठरलेल्या पिनेशी बीप देते का, आणि शेजारच्या कुठल्याही पिनेशी देत नाही ना. कपॅसिटर मध्ये असलेल्या तारेवर बीप वाजणार नाही किंवा क्षणभर वाजून थांबेल, तो दोष नव्हे. त्यानंतर केबल फक्त कन्सोलला लावून, टीव्हीचे टोक मोकळे ठेवून, प्रत्येक पिनेवरचे व्होल्टेज मोजावे. ५ व्होल्टच्या पातळीवर सिंक देणाऱ्या यंत्रांतली सिंकची तार सोडून, व्हिडिओच्या कुठल्याही तारेवर ५ किंवा १२ व्होल्ट दिसले तर तिथेच थांबावे.

## जोडल्यावर काही बिनसले तर

लक्षणांवरून दोष बहुधा ओळखता येतो. आवाज येतो पण चित्र पळते, तर सिंकची तार किंवा तिचे ग्राउंड सुटले आहे. आरजीबीत सगळे चित्र पिवळसर दिसते, तर निळा पोहोचत नाही. आकाशी दिसते, तर लाल. जांभळट दिसते, तर हिरवा. एस-व्हिडिओत चित्र स्पष्ट पण कृष्णधवल असेल, तर रंगाची तार तुटली आहे किंवा टीव्ही ते सॉकेट कंपोझिट म्हणून वाचतो आहे. चित्र फार भडक असेल, तर पलीकडच्या बाजूचे ७५ ओहम जोडलेले नाहीत. केबल हलवल्यावर चित्र येते-जाते असे होत असेल, तर दोष बहुतेक वेळा पिनेच्या तोंडाशी असतो, जिथे जाळी पिळून एकाच ठिपक्यावर सोल्डर केलेली असते आणि वायर ओढली जाताच सगळा ताण त्या ठिपक्यावर येतो; तिथले सोल्डर काढून, वायर आधी आवरणाच्या पत्रीत दाबून धरून, मग जाळी पुन्हा जोडावी.